त्या रविवारचे साठ

पडद्यावर हृदय दिसू लागलं की सर डावा हात मांडीवरून उचलायचे. उजव्या हातातला प्रोब पेशंटच्या बरगड्यांमध्ये टेकवलेला असायचा आणि डाव्या हाताची मूठ हवेत उघड-मीट, उघड-मीट चालायची. पडद्यावरचा कप्पा जितका आवळेल तितकीच मूठ मिटायची, जितका सैल पडेल तितकीच उघडायची. चार-पाच ठोके झाले की मूठ थांबायची आणि आकडा यायचा. "पंचावन्न." किंवा, "अठ्ठेचाळीस, फार तर पन्नास." मग हात परत मांडीवर.

तुमच्यापैकी कुणी टू-डी इको करून घेतला असेल तर रिपोर्टवर 'ईएफ' आणि त्यापुढे एक आकडा तुम्ही पाहिला असेल. बहुतेक जण तेवढाच बघतात, दहावीच्या निकालात टक्के बघावेत तसा. त्याचा अर्थ अवघड नाही. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो, मग त्याचा स्नायू आवळतो आणि रक्त पुढे ढकलतो. भरलेल्यातलं किती ढकललं, ते शंभरात मोजायचं. सगळं कधीच जात नाही. साठच्या आसपास गेलं की उत्तम. चाळीसच्या खाली आलं की स्नायू दमला. शाळेत पस्तीसला पास करतात, इथे पस्तीसवाल्याला जिना चढता येत नाही.

मोजायची रीत अशी, की कप्पा पूर्ण भरलेला असताना चित्र थांबवायचं आणि त्याची आतली कड पडद्यावर गिरवायची. मग पूर्ण आवळलेला असताना थांबवून पुन्हा गिरवायची. हेच दुसऱ्या बाजूनेही करायचं. हिशेब मशीन करतं. चार-पाच मिनिटं जातात. सर गिरवत नसत.

"बघून सांगतो की," म्हणायचे. "गिरवायला मी काय बालवाडीत हाय?"

बोईसरला नवापूर रोडवर, एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचं सेंटर आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, सह्या करतात आणि जातात. बाकी सगळं सरांच्या हातात होतं. सर शिरगावचे. बारावीपर्यंत शिकलेले. पालघरला एका दवाखान्यात केसपेपर काढायला लागले, तिथून सरकत सरकत मशीनपाशी आले आणि तिथल्या डॉक्टरांच्या खांद्यावरून बघून बघून शिकले.

मी बीएस्सी. त्यावर मुंबईला हृदयतपासणीचा तंत्रज्ञाचा कोर्स. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते आणि सांगत राहीन. सरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव बाजूला ठेवलं आणि मला 'बीएस्सी' करून टाकलं.

"ओ बीएस्सी, जेली संपली."

"बीएस्सी, ते पुस्तकात लिवलेलं असेल. पेशंटच्या छातीत नाय लिवलेलं."

मी त्यांना 'सर' म्हणायचे, 'हो सर' म्हणायचे. मनात मात्र त्यांच्याशी एकेरीवरच बोलायचे. कारण मी तिथे नोकरी करायला गेलेच नव्हते. मला त्या माणसाला मान खाली घालायला लावायची होती.

आता अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. परभणीकडून तारापूरच्या एमआयडीसीत आले आणि एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे वीसेक वर्षं ड्रम हलवले. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा कंपनीने एका रविवारी कँटीनमध्ये तपासणी ठेवली. सत्तर माणसं होती. आमच्या सेंटरचं छोटं मशीन टेबलावर मांडलेलं, दोन चादरींचा आडोसा केलेला आणि मशीनवर सर. तेव्हा मी त्यांना पाहिलंही नव्हतं. अण्णांनी घरी येऊन सांगितलं, "लई गोड माणूस. गार लागंल म्हणून जेली हातावर चोळून लावली."

बुधवारी कागद आला. सगळा इंग्रजी. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. अण्णा पलंगावर ताठ बसले, मास्तरांपुढे बसावं तसे. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. कप्पे ठीक, झडपा ठीक, आवळण्याची ताकद साठ टक्के. खाली डॉक्टरांची सही आणि कोपऱ्यात सरांच्या नावाची दोन अक्षरं. "एकदम नॉर्मल," मी म्हणाले. आई देवापुढे साखर ठेवून आली.

त्यानंतर आठ महिने अण्णा धापा टाकत होते. बाजारातून येताना तीनदा थांबायचे. उशाला दोन उशा लागायला लागल्या. कंपनीत ड्रम अर्ध्यात सोडून भिंतीला टेकायचे. सुपरवायझरने कागद बघितलेला होता. "ए साठवाले," तो हाक मारायचा, "रिपोर्ट फस्क्लास आणि दम कसला लागतो? कामचोरी दुसरं काय?" मग बाकीचेही साठवाले म्हणू लागले, आधी गमतीने, नंतर गमतीशिवाय.

घरी त्यांनी छातीवर हात ठेवला की मी म्हणायचे, "अण्णा, रिपोर्ट नॉर्मल आहे. मनाचं आहे ते. चालायला जात जा." शिकलेली मुलगी सांगते म्हटल्यावर ते चालायला जायचे.

आठव्या महिन्यात ते कंपनीच्या जिन्यावर पडले. मुंबईच्या सरकारी रुग्णालयात त्यांचा इको झाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे इतके दिवस काम कसे करत होते? हे आजचं नाही." आकडा तीसच्या आत-बाहेर होता. अण्णा वाचले, पण काम गेलं. त्याहून वाईट म्हणजे ते नाव चिकटलं. गेटवरची माणसं बघायला आली तीही म्हणाली, "कामाचा कंटाळा करायचे, आता आराम मिळाला." आणि अण्णा त्यावर हसले. ते हसू मी विसरलेले नाही. त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं, की आपण नाटक करत होतो आणि नाटक करता करता आजारी पडलो.

मला एकच गोष्ट हवी होती. त्या कागदावर दोन अक्षरं लिहिणाऱ्याने अण्णांसमोर येऊन सांगावं, की चूक माझी होती. म्हणून मी तो कोर्स केला आणि त्याच सेंटरला अर्ज दिला. आमचं आडनाव इतकं सर्रास आहे की सरांना काही कळलं नाही.

पहिल्या दिवसापासून मी त्यांच्या चुका शोधायला बसले. सर आकडा सांगून पुढच्या पेशंटकडे वळले, चहाला गेले, की मी तीच चित्रं काढून कड गिरवायचे आणि ईसीजीच्या कागदाच्या पाठीवर दोन आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. त्यांचा आणि माझा. एकदा पुरेसा कागद भरला की तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, असं ठरवलं होतं.

त्यांचे बावन्न, माझे त्रेपन्न. त्यांचे पस्तीस, माझे सदतीस. त्यांचे साठ, माझे साठ.

चार महिने गेले आणि कागदात काहीच सापडेना. एकदा मला चाळीस मिळाले आणि सरांनी अठ्ठेचाळीस म्हटले होते. मी आनंदाने दुसऱ्यांदा गिरवलं तेव्हा लक्षात आलं, मीच कडेऐवजी आतल्या दोरीसारख्या स्नायूवरून रेघ नेली होती. सर बरोबर होते. माणूस बारावी होता आणि त्याच्या डोळ्यात माझं मशीन होतं.

आणि माणूस वाईटही नव्हता, ते तर आणखी डोक्यात जायचं. पेशंटला डाव्या कुशीवर वळवताना ते त्याच्या पाठीशी आपली उशी लावायचे. बायकांच्या वेळी मला पुढे करून स्वतः पडद्याकडे तोंड करून बसायचे आणि मान वळवायचे नाहीत. एकदा एक उत्तर प्रदेशचा कामगार प्रोब लागताच घाबरला.

"साहब, अंदर कुछ निकला क्या?"

"निकला."

"क्या?"

"दिल निकला. शादीशुदा आदमी का इतना साफ दिल पहली बार देखा."

तो हसला, छाती सैल झाली आणि चित्र स्वच्छ आलं. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे कुठल्या सेमिस्टरला हाय, बीएस्सी?"

मी हसले नाही. मी त्या वेळी विचार करत होते, की याला सगळं दिसतं. याला दिसत नसतं, हा अडाणी असता, तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण ज्याला मूठ चार वेळा मिटून कळतं, त्याला अण्णांच्या छातीतलं कळलं नाही, हे होऊच शकत नाही. म्हणजे त्याने बघितलंच नाही.

जुन्या कॅम्पांची चित्रं एका वेगळ्या डिस्कवर असत. ती डिस्क कपाटात होती. डॉक्टरांनी मला जुना साठा नीट लावायला सांगितला आणि मी त्या रविवारचं फोल्डर उघडलं. सत्तर माणसांची चित्रं होती, प्रत्येकाचे तीन-चार ठोके. कंपनीला पुरावा हवा म्हणून घेतलेले. आणि शेजारी रिपोर्टची फाइल होती. सत्तर नव्हे, एकच; नाव शेवटच्या माणसाचं, मापं पहिल्याच्या चित्राशी जुळणारी. पहिल्या माणसाचा रिपोर्ट खराखुरा टाइप केलेला. पुढच्या एकोणसत्तर जणांसाठी तीच फाइल उघडायची, नाव बदलायचं, वय बदलायचं, छापायचं. आकड्याला कुणी हात लावलेला नव्हता. त्या पहिल्या माणसाचे साठ त्या रविवारी सगळ्या कँटीनला वाटले गेले होते. आमच्या घरी मी मराठीत वाचून दाखवला तो दुसऱ्या कुणाच्या तरी हृदयाचा आकडा होता.

मी अण्णांचे ठोके गिरवले. एकतीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार सेंटर बंद असतं, तेव्हा मी ते चित्र पडद्यावर लावलं. नावाच्या पट्टीवर कागद चिकटवला.

"सर, हा एक बघता का? मला अंदाज येत नाही."

सर डबा झाकत उठले, खुर्ची ओढली. डावा हात वर आला. मूठ जेमतेम मिटत होती, बोटं तळव्याला लागतच नव्हती.

"तीस. एकतीस म्हण. कोणाचा हाय?"

"कामगार आहे. ड्रम उचलतो."

"ड्रम?" सर माझ्याकडे वळले. "कुठल्या गाढवाने कामावर पाठवला याला? मरेल तो जिन्यावर. फोन लाव, आजच घरी बसव."

मी कागद काढला. नाव आणि तारीख दिसली. मग पिशवीतून आमचा घरचा रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि कोपऱ्यातल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"जिन्यावरच पडले होते," मी म्हणाले. "माझे वडील आहेत."

या क्षणासाठी मी अडीच वर्षं बोलणं जुळवून ठेवलं होतं. ते म्हणतील सत्तर माणसं होती, तर मी काय म्हणेन. म्हणतील सही डॉक्टरांची आहे, तर काय. म्हणतील कंपनीला घाई होती, तर काय. प्रत्येकाला उत्तर तयार होतं. सरांनी त्यातलं एकही म्हटलं नाही. त्यांनी माउस हातात घेतला आणि कड गिरवली. सावकाश, जीभ दातांत धरून. एकदा झाल्यावर पुसून पुन्हा गिरवली. दोन्ही वेळा एकतीस.

मग पडद्याकडेच बघत विचारलं, "हायत का?"

"आहेत."

त्यांनी श्वास सोडला. मला तो श्वाससुद्धा आवडला नाही. इतक्या स्वस्तात सुटू नये, असं वाटलं.

"घरी येऊन अण्णांना सांगायचं," मी म्हणाले. "तुमच्या तोंडाने."

"कधी येऊ?"

एवढंच. भांडणाची सगळी तयारी माझ्या हातात तशीच राहिली.

रविवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखे. अण्णा पलंगावर टेकून बसले होते. आई दारातच उभी राहिली, तिने पाणी विचारलं नाही. मी सांगितलंच होतं तिला, विचारायचं नाही. सर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तुमचा इको मी केला होता. पण मी बघितला नव्हता. दुसऱ्याचा आकडा तुमच्या नावावर छापला. तुमचं हृदय तेव्हाच अर्ध्यावर आलं होतं. तुमी ड्रम उचलायलाच नको होते."

अण्णा टेकणं सोडून ताठ बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी नाटक करत नव्हतो."

"नाय."

"दम खरा लागायचा."

"खरा लागायचा."

"घरात बी सगळ्यांला वाटायचं, मनाचं हाय म्हणून." हे बोलताना अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मला वाटलं, झालं. आता अण्णा रडतील नाहीतर शिव्या देतील नाहीतर जाऊ द्या म्हणतील. मला वाटलं होतं त्यातलं त्यांनी काहीच केलं नाही. त्यांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागले.

"साहेब, हितं सांगून काय उपयोग? हितं मला कुणी कामचोर म्हणत नाही. गेटवर चला."

"अण्णा, आज रविवार आहे," मी म्हणाले.

"मंग उद्या. तीन वाजता. शिफ्ट सुटंल आणि भरंल, दोन्ही माणसं भेटतील." आणि सरांना, "सुट्टी टाका."

माझ्या साध्या बापाच्या डोक्यात एवढं नेमकं काही असेल हे मला माहीत नव्हतं. मी अडीच वर्षं घरातल्या चार भिंतींत जे मागत होते, ते अण्णांनी एका वाक्यात रस्त्यावर नेलं.

सोमवारी तीनला आम्ही रिक्षाने गेलो. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. सुटणारे तिथे थांबतात, चढणारे तिथूनच आत जातात. अण्णांना बघून चार-पाच जण पुढे आले. "काय साठवाले, कसं काय?" सुपरवायझर बाकावर चहा पीत होता. अण्णांनी त्याला नमस्कार घातला.

"सुपरवायझर साहेब, जरा ऐका. तुमी बी ऐका रे. ह्ये इकोवाले साहेब. ह्यांना काय सांगायचंय."

सर टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिले. घाम शर्टातून दिसत होता. मी समोरच उभी होते, मुद्दाम, तोंड दिसावं म्हणून. त्यांनी घरी सांगितलं होतं तेच सांगितलं, फक्त मोठ्याने. "यांना दम खरोखर लागत होता. हा माणूस कामचोर नव्हता. चूक माझी हाय."

"क्या बोल रहे?" मागून एकाने विचारलं.

"बोलते हैं, देखा ही नहीं था," दुसऱ्याने सांगितलं.

सुपरवायझर ग्लासात बघत राहिला. ग्लास रिकामा होता तरी बघत राहिला. हे मी पोटभर पाहून घेतलं.

मग एक जण पुढे आला, हातात हेल्मेट. "सर, त्या रविवारी माझापण झाला होता. माझे साठच आलेत."

सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुझा नाय बघितला."

"आणि माझा?"

"तुझापण नाय."

"मेरा, साहब?"

"नहीं देखा."

एकेक जण विचारत गेला. काही विचारून तिथेच थांबले, काही हात धुवायला गेले. सर कुणालाही 'तुम्हा सगळ्यांचा' असं एकदम म्हणाले नाहीत. ज्याने विचारलं त्याच्या तोंडाकडे बघून, त्याला वेगळं सांगितलं. भोंगा झाला तरी माणसं आत जाईनात. मला त्यांची शरम बघायची होती. मी बघितली. चाळीस मिनिटं उभं राहून बघितली, आणि शेवटी मीच नजर रस्त्याकडे वळवली.

रिक्षात अण्णा म्हणाले, "आता बरं वाटलं." आणि झोपले.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. कंपनीने सेंटरचं काम बंद केलं, डॉक्टरांनी सरांना महिनाअखेरीस काम सोडायला सांगितलं. सह्या ज्यांच्या होत्या ते डॉक्टर तिथेच आहेत, तेही लिहून ठेवते. सरांनी राहिलेल्या दिवसांत दुपारचा डबा खाणं बंद केलं. दोन ते चार ते त्या रविवारचं फोल्डर उघडून बसायचे आणि गिरवायचे. एका कागदावर सत्तर नावं, पुढे सत्तर आकडे. अण्णांशिवाय आणखी चार नावांखाली रेघ. जाताना तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"बीएस्सी, तपासून घे."

मी तपासला. पंधरा दिवस लावून सगळे सत्तर पुन्हा गिरवले. एक तरी चूक मिळावी म्हणून. कुठे एकाचा फरक, कुठे दोनचा. रेघ मारलेल्या त्या चौघांना बोलावून घेतलं. त्यातला एक अण्णांच्या निम्म्या वयाचा होता. चौघंही औषधांवर आहेत.

आज त्या खुर्चीवर मी बसते. प्रत्येक पेशंटची कड गिरवते, बाहेर कितीही माणसं ताटकळोत. संध्याकाळी सुटलेले कामगार आमच्या दारात टेकतात, अण्णांना दम कसा आहे विचारतात. साठवाले कुणी म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी एकदा स्कूटर काढून शिरगावला गेले. खोटं कशाला बोलू, सर कसे खचलेत ते बघायला गेले होते. ते वाडीत चिकूच्या झाडाखाली सुकी पानं गोळा करत होते. कुंपणापाशी एक शेजारी कसला तरी रिपोर्ट घेऊन उभा होता. "बघ ना जरा, तुला समजतंय." सरांनी कागद हातात घेतला आणि न बघता घडी घालून परत दिला. "मला नाय समजत त्यातलं. बोईसरला जा."

मी रस्त्यावरूनच परतले. या तालुक्यात हृदय बघणारे तसे डोळे दुसरे नाहीत आणि ते आता पानं गोळा करतात. हे मी केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

तेव्हापासून शिरगावची माणसं येत राहतात. मागच्या आठवड्यात एक आजी आल्या, लुगडं सावरत, एकट्याच. मी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली.

"तुला ओळखतो तो," आजी म्हणाल्या. "आमच्या शेजारचा हाय. म्हणाला, त्या मॅडमकडेच जा. ती दोनदा बघते."

मी तीनदा गिरवलं. अठ्ठावन्न आले, त्यांच्या वयाला झकास. मी जेली पुसायला कागद दिला, त्यांना उठवून बसवलं, पाय खाली सोडायला हात दिला.

"बाय, त्याला काय सांगू तुझं?"

"माझं काही सांगायचं नाही, आजी," मी म्हणाले. "तुमचे अठ्ठावन्न आलेत, तेवढं सांगा."